इंग्रजीच्या तासाला मुलांकडून काय मागावं?

अध्यक्ष महोदय, शिक्षक मित्रमैत्रिणींनो आणि पालकहो,

पत्रिकेत विषय छापला आहे, 'हायस्कूलच्या इंग्रजीच्या वर्गात विद्यार्थ्यांकडून अपेक्षा'. हा विषय मी मागून घेतला. संयोजकांना वाटलं असेल, बाई शिस्तीवर बोलणार. शिस्तीवर मी बोलणार आहे, पण थोडंच. मला जे मांडायचं आहे ते आधी एका वाक्यात सांगून टाकते. इंग्रजीच्या वर्गात आपण मुलांकडून फार कमी मागतो. कागदावर पाहिलं तर कोणालाही उलटंच वाटेल, कारण नियमांची यादी लांबलचक असते. पण ती यादी नीट वाचा. तिच्यातलं जवळपास सगळं वहीकडून मागितलेलं असतं. मुलाच्या डोक्याकडून काय हवं आहे, ते तिथे नसतंच.

वाचन, लेखन, व्याकरण आणि बोलणं, या चारही बाबतीत नेमकं काय मागावं हे मी शेवटी सांगणार आहे. तेवढ्यासाठीच तुम्ही आलात, याची मला जाणीव आहे.

तर हा यादीचा कागद. वर्षाच्या सुरुवातीला वर्गात वाटतात, घरी नेऊन पालकांची सही आणायला सांगतात, तो. इथल्या बहुतेक पालकांनी अशा कागदावर सही केलेली असणार. वाचून केली का, असं विचारत नाही, कारण तो वाचावा असं त्यात फारसं काही नसतं. वही कव्हर घातलेली हवी. समास आखलेला हवा. उत्तर निळ्या शाईत, प्रश्न काळ्या शाईत. गृहपाठ उशिरा दिला तर गुण कापले जातील. मोबाईल दिसला तर जप्त होईल. असे कागद गोळा करण्याची मला सवय आहे, सहकारी आणून देतात. त्यातला एक मी जपून ठेवलाय. शाळेचं नाव सांगत नाही, त्याची गरजही नाही, कारण तो कुठल्याही शाळेचा असू शकतो. त्यात समास कुठे आखायचा, किती रुंद आखायचा आणि कुठल्या पेन्सिलीनं, याला तीन ओळी दिल्या आहेत. वाचनाबद्दल अर्धी ओळ आहे: 'धडा वाचून यावे.' बस. कसा वाचून यावे, किती वेळा, वाचताना अडलं तर काय करावे, वाचून झाल्यावर हातात काय असावे, काही नाही.

हे लिहिणारे शिक्षक आळशी नव्हते. हे मी मनापासून सांगते, मी त्यांना ओळखते. मग असं का होतं? कारण समास डोळ्यांना दिसतो. पन्नास वह्या समोर आल्या की एका नजरेत कळतं, आखलाय की नाही. वाचलं की नाही, हे दिसत नाही. जे तपासता येतं तेच आपण मागायला लागतो, आणि वर्षभरानं आपल्यालाही वाटायला लागतं की एवढंच मागायचं होतं. मुलं हुशार असतात. पहिल्या आठवड्यातच त्यांनी ओळखलेलं असतं की या तासाला वही चांगली लागते.

आता फळ्यावरच्या उत्तरांबद्दल. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण माझं सगळ्यात जुनं दुखणं हेच आहे.

धडा संपतो. खाली प्रश्न असतात. शिक्षक फळ्यावर उत्तरं लिहितात, वर्ग उतरवून घेतो. सगळ्या वह्यांत तेच उत्तर, तीच विशेषणं, तोच स्वल्पविराम. फळ्यावर घाईत एखादं अक्षर राहिलं असेल तर ते पन्नास वह्यांत राहतं. मग परीक्षेत तेच उत्तर लिहिलं की पूर्ण गुण. मी एकदा एका वर्गात गेले होते, तिथल्या बाई रजेवर होत्या. एक मुलगा, वही अतिशय देखणी. त्यात लिहिलं होतं की अमुक पात्र 'जेनरस अँड नोबल' आहे. मी विचारलं, जेनरस म्हणजे? उत्तर बरोबर आलं, दिलदार. म्हटलं, छान. आता धड्यात त्यानं असं काय केलं, की तू त्याला दिलदार म्हणतोस? मुलगा माझ्याकडे बघत राहिला. त्याला प्रश्न अवघड गेला नव्हता. असा प्रश्न विचारतात हेच त्याला ठाऊक नव्हतं. उत्तर फळ्यावरून येतं, धड्यातून येत नाही, हे त्याला आपल्यासारख्या प्रेमळ, कष्टाळू शिक्षकांनीच शिकवलं होतं.

तुम्ही म्हणाल, परीक्षा तशी आहे, आम्ही काय करणार? परीक्षा तशी आहे हे मला मान्य आहे. पण परीक्षेसाठी वर्षाचा शेवटचा काळ पुरतो. सगळं वर्ष तिच्या नावावर खर्च करण्याची सक्ती आपल्यावर कोणी केलेली नाही.

अपेक्षा या गोष्टीवर मानसशास्त्रात बरंच काम झालं आहे, त्यातलं थोडं सांगते. अमेरिकेत रॉबर्ट रोझेंथल नावाचे मानसशास्त्रज्ञ होते. त्यांनी आधी प्रयोग केला उंदरांवर. विद्यार्थ्यांना प्रयोगासाठी उंदीर दिले. काहींना सांगितलं, तुमचे उंदीर भूलभुलैयात वाट शोधण्यात तरबेज आहेत. बाकीच्यांना सांगितलं, तुमचे मंद आहेत. खरं तर उंदीर सगळे सारखेच, वाटणी कशीही केलेली. तरी ज्यांना तरबेज म्हटलं होतं ते उंदीर खरोखरच जास्त चांगले धावले. कारण ज्यांना आपले उंदीर हुशार वाटत होते, त्यांनी ते जास्त मायेनं, जास्त धीरानं हाताळले होते. बिचाऱ्या उंदरांना तर आपली कीर्ती कळलीही नव्हती!

मग १९६८ साली रोझेंथल आणि लेनोर जेकबसन यांनी शाळेतला प्रयोग प्रसिद्ध केला. जेकबसन बाई स्वतः मुख्याध्यापिका. एका प्राथमिक शाळेत मुलांची चाचणी घेतली आणि शिक्षकांना काही नावं दिली: ही मुलं यंदा झपाट्यानं पुढे जाणार आहेत. साधारण पाचात एक मूल. ही नावं चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवडलेली होती. वर्षानं पुन्हा चाचणी घेतली, तेव्हा पहिली-दुसरीतली ती मुलं खरोखरच इतरांच्या पुढे गेलेली दिसली. वरच्या वर्गांत तसा फरक फारसा नव्हता, आणि या प्रयोगावर पुढे टीकाही पुष्कळ झाली. चाचणी लहान मुलांसाठी बरोबर होती का, इथपासून शंका घेतल्या गेल्या, आणि नंतरच्या अभ्यासांत परिणाम बराच लहान निघाला. म्हणून कोणी सांगत असेल की शिक्षकानं नुसता विश्वास ठेवला की मूल हुशार होतं, तर तसं समजू नका. मनात ठेवलेल्या अपेक्षेनं काहीच होत नाही. ती वागण्यातून पोचावी लागते. कशातून पोचते, हेही रोझेंथल यांनी पुढे मांडलं. ज्याच्याकडून अपेक्षा असते त्याच्याशी आपण जास्त ऊबदारपणे वागतो, त्याला जास्त आणि अवघड गोष्टी शिकवतो, त्याला बोलायची जास्त संधी देतो आणि त्याच्या कामावर जास्त नेमकं बोलतो.

यातली बोलायची संधी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण ती सेकंदांत मोजता येते. आणि ती मोजलेलीही आहे. मेरी बड रो या संशोधक बाईंनी १९७० च्या सुमारास विज्ञानाच्या तासांच्या ध्वनिफिती ऐकून पाहिल्या. शिक्षक प्रश्न विचारल्यावर किती थांबतात? सरासरी एक सेकंद. एका सेकंदात उत्तर आलं नाही की प्रश्न पुन्हा विचारायचा, दुसऱ्याला विचारायचा, नाहीतर स्वतःच उत्तर द्यायचं. मूल बोलून थांबलं, की त्यानंतरही तसंच, सेकंदाच्या आत शिक्षक सुरू. त्यांनी काही शिक्षकांना तीन सेकंद किंवा जास्त थांबायला शिकवलं. उत्तरं कितीतरी लांब झाली, 'माहीत नाही' म्हणणं कमी झालं, मुलं आपणहून प्रश्न विचारू लागली आणि ज्यांना शिक्षक मागे पडलेली समजत होते ती मुलं बोलायला लागली. तीन सेकंद! आत्ता इथे थांबून बघते... हे तीन सेकंद झाले. किती लांब वाटले बघा. समोर चुळबुळ सुरू झाली. वर्गात याहून जास्त लांब वाटतात.

आणि हा विज्ञानाचा तास होता, मुलं आपल्या भाषेत बोलत होती. आपल्या इंग्रजीच्या तासाला मूल आधी प्रश्न समजून घेतं, मग मनात मातृभाषेत उत्तर जुळवतं, मग त्याचे इंग्रजी शब्द शोधतं, मग काळ बरोबर आहे का बघतं, मग शेजारचा हसेल का याचा अंदाज घेतं. एवढं सगळं एका सेकंदात?

नववीच्या वर्गात घडलेलं सांगते. वर्गासाठी मी स्वतः छोटे उतारे लिहिते, म्हणजे त्यांची तयार उत्तरं कुठे मिळत नाहीत. त्यातल्या एका उताऱ्यात तीन वाक्यं होती. 'द हाउस वॉज डार्क. हर कोट हंग ऑन द हुक. शी पिक्ड अप हर शूज अँड क्लोज्ड द डोअर सॉफ्टली.' घरात अंधार होता. तिचा कोट खुंटीवर होता. तिनं बूट उचलले आणि दार हळूच लावलं. इतकंच. नववीला यातला एकही शब्द नवा नव्हता. प्रश्न विचारला, तिनं दार हळूच का लावलं?

लगेच हात वर. 'टीचर, शी इज अ गुड गर्ल.' ती शहाणी मुलगी आहे, दारं आपटत नाही. दुसरा म्हणाला, घरात बाळ झोपलंय. तिसऱ्यानं सांगितलं, दार महाग असेल. वर्ग हसला, मीही हसले. तो मुलगा गंभीरपणे म्हणाला, आमच्याकडे दार आपटलं की हेच ऐकायला मिळतं. मी कोणालाच चूक म्हटलं नाही. म्हटलं, उताऱ्यात दाखवा. बाळ कुठे आहे? किंमत कुठे आहे? आणि गप्प राहिले.

तीन सेकंद कधीच होऊन गेले. वर्ग शांत. काही मुलं माझ्या तोंडाकडे बघत होती, फळ्यावर उत्तर कधी येतंय याची वाट बघत. काही मात्र कागदाकडे बघायला लागली, कारण दुसरीकडे बघण्यासारखं काही उरलंच नव्हतं. आणि मागच्या बाकावरून एक मुलगी, वर्गात सहसा न बोलणारी, मातृभाषेतच म्हणाली, 'बाई, तिनं बूट घातलेले नाहीत. हातात घेतलेत.'

बूट लोक घालून जातात. हातात घेऊन जाते, म्हणजे पावलांचा आवाज नको आहे. दार हळूच लावलं ते त्याच कारणानं. घरात कोणीतरी आहे आणि त्याला कळू द्यायचं नाही. ही गोष्ट मी सांगितली नव्हती, उताऱ्यातही सरळ लिहिलेली नाही, तरी ती त्या वाक्यात होती. मुलीनं ती वाचली. मग मात्र वर्ग सुटला. एक म्हणाला, कोट राहिला म्हणजे घाईत आहे. लगेच दुसरी म्हणाली, घाईत असेल तर दार हळू कसं लावेल? कोट ठेवला म्हणजे ती परत येणार आहे. तिसरा: परत येणार असेल तर लपून कशाला जाईल? आणि ज्यानं दार महाग असेल म्हटलं होतं, तोच मुलगा कागद डोळ्यांजवळ धरून म्हणाला, 'हर कोट म्हणजे तिचाच कशावरून? घरात अजून एक बाई असेल. तिचा असेल.'

मंडळी, हा उतारा मी लिहिला होता आणि हे माझ्या ध्यानातही आलं नव्हतं. पण मुलाचं म्हणणं वाक्यरचनेत बसत होतं. 'हर' हे सर्वनाम, त्याच्या आधी कोणाचं नावच आलेलं नाही. तास संपला तेव्हा मुलं मला विचारत होती, खरं उत्तर काय? मी म्हटलं, पहिल्या तीन उत्तरांना उताऱ्यात आधार नाही, नंतरच्यांना आहे. त्यातलं कुठलं जास्त पटतं ते उद्या लिहून आणा, आणि कुठल्या शब्दावरून पटतं तेही लिहा.

मी एवढा वेळ ही हकीकत सांगितली, कारण मुलाकडून काय मागायचं ते सगळं तिच्यात आलं आहे. पानाकडे परत जा. पहिलं सुचलेलं उत्तर हे बहुधा पानावरचं नसतं, ते आपल्या डोक्यात आधीच तयार असलेलं असतं. शहाणी मुलगी दार आपटत नाही, हे वाक्य धड्याला चिकटवायला धडा वाचावा लागत नाही.

हे फक्त शाळकरी मुलांचंच होतं असं नाही. आय. ए. रिचर्ड्स केंब्रिजला शिकवत होते. त्यांनी विद्यार्थ्यांना कविता दिल्या, कवीचं नाव काढून टाकून, आणि सांगितलं, सावकाश वाचा, काय वाटतं ते लिहून आणा. तेरा कवितांवरची ती मतं आणि त्यांचं विश्लेषण १९२९ साली छापलं. विद्यार्थी निवडक, चांगल्या शाळांतून आलेले, भाषा त्यांची स्वतःची. तरीही कितीतरी जणांना कवितेत साधं काय म्हटलंय तेच लागलं नव्हतं. वाचकाच्या अडचणींची यादी रिचर्ड्स यांनी केली, तिच्यात पहिली अडचण ही, सरळ अर्थ न लागणं. पुढे अजून एक आहे, साचेबंद प्रतिक्रिया: कवितेत काय आहे ते न बघता मनात तयार असलेलं मत बाहेर पडणं. इंग्रजांच्या मुलांना इंग्रजी वाचायला शिकवावं लागतं, हे आपल्या मुलांच्या आईवडिलांना सांगितलं पाहिजे. म्हणजे आपल्या मुलाला 'इंग्रजी येत नाही' असं म्हणताना ते जरा थांबतील. वाचन ही कोणालाच आपोआप येणारी गोष्ट नाही.

पालकांवरून आठवलं. पालक सभेत एकच प्रश्न असतो: बोलायला कधी लागेल? मी विचारते, कशाबद्दल? पालकांना प्रश्न विचित्र वाटतो. पण मुलाला सांगण्यासारखं काही सापडलं की ते बोलतं. त्या मागच्या बाकावरच्या मुलीनं दुसऱ्या दिवशी तेच सगळं तोडक्यामोडक्या इंग्रजीत सांगितलं, 'शूज इन हँड, सो नो साउंड.' क्रियापद नव्हतं. मी ते वाक्य जसंच्या तसं फळ्यावर लिहिलं आणि वर्गाला विचारलं, यात क्रियापद कुठे बसवाल? तिच्या वाक्याला सगळ्या वर्गानं हातभार लावला.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, आवरतं घ्यायला सांगताहेत. म्हणजे चार बाबतींतल्या अपेक्षा आता भराभर सांगते.

वाचन. धडा दोनदा वाचलेला हवा, आणि दुसऱ्या वाचनाची खूण कागदावर हवी. समासात. बघा, समास मलाही हवाच आहे, पण त्यात मुलाचं काहीतरी लिहिलेलं हवं: जिथे अडलं तिथे प्रश्नचिन्ह, जिथे आश्चर्य वाटलं तिथे एक शब्द, कुठल्याही भाषेत. तासाला येताना प्रत्येक मुलाकडे स्वतःचा एक प्रश्न असावा. हे तपासायला एक फेरी पुरते. आणि पुस्तक झेपणारं द्या. शब्दसंग्रहावर काम करणारे पॉल नेशन आणि त्यांचे सहकारी सांगतात, मदतीशिवाय नीट समजायचं तर मजकुरातले ९८ टक्के शब्द ओळखीचे हवेत. म्हणजे ३०० शब्दांच्या पानावर सहा अनोळखी. पानावर तीस शब्द अडत असतील तर मूल आळशी नाही, पुस्तक चुकलं आहे. मोठ्यांसाठीची कादंबरी किंवा वर्तमानपत्र आपल्या आपण वाचायला आठ-नऊ हजार शब्दकुलं, म्हणजे मूळ शब्द आणि त्यापासून बनलेली त्याची रूपं मिळून एक कूळ, अशी लागतात, असं नेशन यांनी २००६ साली मांडलं. एवढे शब्द यादी पाठ करून येत नाहीत, आवडीनं भरपूर वाचूनच येतात. म्हणून धड्याबाहेरचं एक सोपं पुस्तक कायम हाताशी असणं, हीसुद्धा अपेक्षा. त्यावर परीक्षा नाही.

लेखन. इथे एकच मागणी, दुसरा खर्डा. जॅनेट एमिग यांनी १९७१ साली बारावीतल्या आठ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मुलांनी लिहिताना मनात येईल ते मोठ्यानं बोलायचं, अशी पद्धत. शाळेसाठी लिहिताना मुलं आधी विचार थोडा करत आणि लिहिलेलं पुन्हा बदलायच्या फंदात पडत नसत. स्वतःच्या हौशीनं लिहिलेल्याकडे मात्र परत जात. आपण पहिलाच खर्डा तपासून गुण देतो, तेव्हा बदलण्याचं कारणच काढून घेतो. म्हणून पहिल्या खर्ड्यावर फक्त शेरा. इस्रायलमध्ये रूथ बटलर यांनी १९८८ साली हे पडताळून पाहिलं. काही मुलांना नुसते गुण, काहींना नुसता शेरा, काहींना दोन्ही. पुढचं काम सुधारलं ते नुसता शेरा मिळालेल्यांचं. दोन्ही मिळालेले जवळपास नुसत्या गुणवाल्यांसारखेच राहिले, कारण गुण दिसले की शेरा कोण वाचतो? शेराही 'छान' किंवा 'सुधारणा हवी' असला चालणार नाही. 'तिसऱ्या वाक्यात कोण आला ते कळत नाही' असा हवा, म्हणजे मुलाला पुढे काय करायचं ते कळेल.

आता यंत्राकडून लिहून आणण्याबद्दल, हा प्रश्न येणारच. फळ्यावरची उत्तरं उतरवायला आपणच शिकवलं, त्या मुलांनी यंत्राची उत्तरं उतरवली तर नवल नाही. पहिला खर्डा वर्गात, हातानं, समोर बसून. दुसरा घरी. दोन्ही एकत्र जोडून द्यायचे. दोन्हींमध्ये काय बदललं आणि का, हे मुलानं दोन ओळींत सांगायचं, मातृभाषेत चालेल. कुठून काही घेतलं असेल तर तेही प्रामाणिकपणे लिहायचं. ज्यानं स्वतः बदल केले त्याला या दोन ओळी सहज लिहिता येतात.

व्याकरण. १९६३ साली अमेरिकेत ब्रॅडॉक आणि सहकाऱ्यांनी तोवरचं संशोधन तपासून निष्कर्ष काढला, की सुटं, नियमांचं व्याकरण शिकवल्यानं लेखन सुधारण्याला जवळपास काही मदत होत नाही. उलट लेखनाच्या सरावाचा वेळ त्यात जातो म्हणून नुकसानही होतं. तो निष्कर्ष ज्यांची भाषाच इंग्रजी त्यांच्याबद्दलचा होता. आपल्या मुलांना नियम लागतात, हे मी मान्य करते. पण तो 'हर कोट' आठवा. सर्वनाम म्हणजे काय, हे त्या मुलाला आता जन्मभर सांगावं लागणार नाही. तेव्हा मागणी अशी: स्वतःच्या लेखनात वारंवार होणारी एक चूक मुलानं ओळखावी, वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवावी आणि त्या महिन्यात तेवढीच शोधून दुरुस्त करावी. आपणही त्या महिन्यात तेवढीच अधोरेखित करायची. लाल शाईनं भरलेल्या पानातून मूल काही शिकत नाही, ते पान उलटतं.

बोलणं. रोज प्रत्येकानं बोलावं ही अपेक्षा खोटी आहे, पन्नासांच्या वर्गात ती पुरी होऊच शकत नाही. आठवड्यातून एकदा, आधी शेजाऱ्याशी बोलून घेऊन, एक पूर्ण विचार. विचार पूर्ण हवा, वाक्य अपूर्ण चालेल. मातृभाषेत सुरू करून इंग्रजीत संपवलं तरी चालेल. आणि दुसरा बोलत असताना हसायचं नाही, ही शिस्त मात्र मी कडक पाळते. तिच्यात सवलत नाही, कारण हसणाऱ्या वर्गात पुढचे सहा महिने कोणी तोंड उघडत नाही.

उशिरा दिलेल्या कामाचे गुण कापू नका. काम उशिरा आलं तर घ्या, शेरा द्या, पण तास संपल्यावर थांबवून पूर्ण करून घ्या. गुण कापले की मुलाची सुटका होते, काम तसंच राहतं.

हे सगळं मागायचं, तर मुलांनी आपल्याकडून एक मागितलं पाहिजे: खर्डा आठवड्याच्या आत परत. तीन आठवड्यांनी परत आलेल्या वहीतला शेरा वाया जातो, कारण तोवर वर्ग पुढच्या धड्यावर गेलेला असतो आणि मुलाला आपण काय लिहिलं होतं तेही आठवत नाही. मोठ्या वर्गात हे जड जातं, मला कल्पना आहे. म्हणून सगळ्या वह्या एकदम गोळा करू नका. रोज एका रांगेच्या घ्या, प्रत्येकीवर एकच शेरा लिहा आणि दुसऱ्या दिवशी देऊन टाका. प्रश्नांसाठी पाच मिनिटं दिली आहेत. तपासणीच्या या पद्धतीबद्दल ज्यांना शंका असतील, त्यांनी आधी विचारा.